आख्खा वर्ग पायाळू : जून ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

१७ जून, मंगळवार

शाळा कालच उघडली. यंदा पावसानं मे महिन्यातच हजेरी लावली, मृग निघायच्या आधीच ओढ्याला पाणी, त्यामुळे पोरं सुट्टीतच मनसोक्त भिजून आलीत. पहिली ते पाचवी, पटावर ३१, मास्तर दोन. १९९३ च्या भूकंपाचं किल्लारी इथून पंचवीसेक किलोमीटर.

या वर्षी ठरवलंय की वीज, पूर, भूकंप हे 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणून एका तासात उरकायचं नाही, चार महिने सावकाश घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. कारण गेल्या मे महिन्यात शेजारच्या शिवारात चिंचेखाली थांबलेल्या शेळ्यांवर वीज पडली, राखणारं पोरगं वाचलं, ते आमच्याच शाळेतून गेलेलं. आणि त्याला चौथीत वीज हा धडा मीच शिकवलेला. धड्यात झाडाखाली थांबू नका असं होतं, त्यानं ते पेपरात बरोबर लिहिलंही होतं!

आज फक्त एक काम दिलं. "शेतात असताना ईज कडाडली तर तू कुठं जातोस, चित्र काढ." २७ हजर होते, १६ जणांनी झाड काढलं. का म्हणून विचारलं तर एकाच दमात उत्तर, "सर, झाडाखाली भिजत नाही ना."

म्हणजे यांना भीती विजेची नाहीच, भिजण्याची आहे. आणि ती आपणच घातलीय, भिजलास तर ताप येईल, भिजलास तर मार खाशील, दप्तर भिजलं तर बघ. चित्रं कपाटात ठेवलीत, दिवाळीला परत काढायला लावणार.

२० जून

आज वीज तयार कशी होते ते. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग करायला गेलो आणि तोंडावर पडलो. हवा एवढी दमट की कंगवा चार्जच होईना, पोरं केस घासून घासून थकली, एक कपटा हलला तो पण फुंकरीनं. मोठे सर दारातून बघून हसत गेले. हा प्रयोग थंडीतच करायचा, लिहून ठेवतो.

मग फळ्यावर आलो. ढग खूप उंच वाढतो, वरच्या भागात बर्फाचे बारीक कण आणि गारांचे छोटे गोळे एकमेकांवर आदळतात, त्यातून वर एक प्रकारचा चार्ज आणि खाली दुसरा असा साठत जातो, शेवटी हवेला तो धरवत नाही आणि ठिणगी पडते. त्या वाटेतली हवा क्षणभर जवळजवळ ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि एकदम फुगते, तोच गडगडाट. "म्हणजे आवाज ढग आपटल्याचा नाही?" नाही. यावर पाच मिनिटं वर्गात कोणी कोणाचं ऐकेना, कारण घरी सगळ्यांना ढगावर ढग आपटतात असंच सांगितलेलं.

२३ जून

मोजायचा खेळ. उजेड लगेच दिसतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणून चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागायचं, तेवढे किलोमीटर लांब. सेकंद कसा मोजायचा? पोरं धडाधडा एकदोनतीनचार म्हणतात, दहा सेकंदांत पंचवीस होतात. मग "एक लातूर, दोन लातूर, तीन लातूर" असं ठरलं, मोबाइलच्या स्टॉपवॉचशी लावून बघितलं, बऱ्यापैकी जमतं. पाचवीतल्या एकीला "एक किल्लारी" जास्त बरोबर वाटतं, चालेल.

३० लातूरच्या आत आवाज आला म्हणजे १० किलोमीटरच्या आत, म्हणजे पुढची आपल्या डोक्यावर पडू शकते.

२७ जून

चूक झाली, माझी.

काल संध्याकाळी चांगलंच गडगडलं आणि आज सकाळी पोरं खुशीत आकडे सांगायला लागली, "सर माझे नऊ लातूर", "माझे चार!" चार? कुठं उभा होतास? "अंगणात सर, आतून दिसत नाही ना." निम्मा वर्ग वीज मोजायला अंगणात उभा! एकजण तर माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढलेला.

घामच फुटला मला. ताबडतोब नियम बदलला. आवाज ऐकू आला की आत, सेकंद किती का असेना. मोजायचं ते दाराच्या आतून, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालकांनाही टाकलं. तीन जणांनी अंगठा दाखवला, एकानं गुड मॉर्निंगचं फूल.

२ जुलै

चौथीत एक पोरगा आहे, इथं त्याला बंड्या म्हणतो, खरं नाव वेगळं. आभाळ नुसतं काळं झालं तरी हा मैदानावरून पळत येतो आणि वर्गात भिंतीला चिकटून बसतो. आज बाकीच्यांनी चिडवलं, "पायाळू, पायाळू, ईज येती घेऊन टाळू". हे गाणं कोणी केलं माहीत नाही पण यमक चांगलं जमलंय, तेवढ्यापुरतं कौतुक, बाकी दोघांना उभं केलं.

तर बंड्या पायाळू. जन्मताना आधी पाय आलेला. आणि पायाळू माणसावर वीज पडते हे आमच्याकडं लहानथोर सगळ्यांना ठाऊक. तेच पायाळूपण दुसऱ्या वेळी कामाला येतं, कोणाची कंबर धरली, उसण भरली की बंड्याला बोलावणं येतं, हा जाऊन पाठीवर पाय लावतो आणि पाच-दहा रुपये किंवा बिस्किटचा पुडा घेऊन येतो. बोअर कुठं घ्यायची ते दाखवायलाही एकदा नेलं होतं म्हणे, पाणी लागलं का ते कोणी सांगत नाही.

मला खरं तर आजच वर्गात सांगायचं होतं की हे सगळं खोटं आहे, विजेला माणूस डोक्याकडून जन्मला का पायाकडून हे कळत नसतं, ती उंच वस्तू, एकटं झाड, उघड्या रानातला उभा माणूस असलं शोधते. तोंडापर्यंत आलं आणि थांबलो. कारण १७ जूनची चित्रं आठवली. झाड न काढणाऱ्या ११ जणांत हा होता. नुसतं झाड काढलं नव्हतं असं नाही, यानं पक्कं घर काढलेलं, दार लावलेलं, आणि आत एक पोरगा.

आख्ख्या शाळेत वीज कडाडल्यावर न चुकता बरोबर वागणारा हा एकटा आहे. कारण चुकीचं, पण वागणं बरोबर. आता कारण काढून घेतलं आणि वागणंही गेलं तर?

८ जुलै

बंड्याच्या घरी गेलो. आजी होती. चहा झाला, मग हळूच विषय काढला. आजी म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले, तुमाला खोटं वाटंल. पर मी त्याला आभाळ वाजल्यावर भाईर सोडणार नाही." मी म्हटलं आजी, सोडूच नका, माझं तर म्हणणं आहे बाकीच्या नातवंडांनाही सोडू नका. तिला तीन नातवंडं. "त्यांला काय धाड भरलीय, ते पायाळू न्हाईत." मग मी शेजारच्या शिवारातल्या शेळ्यांचं काढलं, त्यातली एक तरी पायाळू होती का? आजी हसली, पण उत्तर दिलं नाही.

येताना गाडीवर डोक्यात आलं. बंड्याला वर्गासारखं करायच्या मागं लागण्यापेक्षा वर्गालाच बंड्यासारखं करायचं.

९ जुलै

वर्गात जाहीर केलं. वीज जन्म बघत नाही, पायाळू असा वेगळा कोणी नसतो तिच्यासाठी, किंवा मग सगळेच पायाळू. मी पण, मोठे सर पण. म्हणून आजपासून आवाज आला की आख्खा वर्ग पायाळू आणि आपण सगळे बंड्याच्या मागं पळायचं, तो लीडर, कारण त्याला प्रॅक्टिस आहे.

तीन वेळा सराव घेतला. मी पत्र्याच्या डब्यावर काठी मारायची, मैदानातली पोरं वर्गात, दार-खिडक्यांपासून लांब. पहिल्यांदा ५५ सेकंद लागले, तिसऱ्यांदा ३१. बंड्या पहिलाच आला आणि दारात उभा राहून बाकीच्यांना ओरडत होता, हे आधी कधी बघितलं नव्हतं.

मोठे सर म्हणाले, गणित कधी घेणार. म्हटलं ५५ वजा ३१.

१५ ते २८ जुलै, एकत्र

पर्जन्यमापक. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा. तळ खडबडीत असतो म्हणून आत खडे टाकले आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरलं, तिथं शून्य. बाहेरून पट्टी चिकटवली. हवामान खात्यात सकाळी साडेआठला पाऊस मोजतात म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या दोघींवर साडेआठची ड्युटी. पहिली बाटली शेळीनं पाडली, दुसरी विटांच्या आळ्यात ठेवली.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे पोरांना पटेना, मग मैदानात चौरस आखून त्यात लिटरभर ओतून दाखवलं. वर्गाचं छप्पर ८ बाय ६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर, त्यावर ६५ मिलिमीटर पडला तर ३,१२० लिटर. अशी चार छपरं म्हणजे एक १२ हजारी टँकर भरून वर थोडं. टँकर म्हटल्यावर सगळ्यांना कळलं, हा लातूर जिल्हा आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं, तेव्हा यातली बरीच पोरं जन्मली पण नव्हती पण गोष्ट सगळ्यांना पाठ.

६५ च का? कारण २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. "अतिवृष्टी म्हणजे काय?" असं विचारल्यावर तिसरीतल्या पोरीचं उत्तर: "जी झाल्यावर पैशे येतात ती." म्हटलं बरोबर आहे, कधी कधी. बाटलीवर ६५ ला लाल रेघ मारली.

८ ऑगस्ट

ढांग म्हणजे विजेला वाट. हा तास मला स्वतःला फार आवडला म्हणून सविस्तर लिहितो.

वीज झाडावर पडते, मग खाली जमिनीत पसरते, झाडापासून जसं लांब जावं तसा जोर कमी होत जातो. मैदानात मधोमध काठी रोवली, तिच्याभोवती खडूनं गोल काढले, पावला-पावलाच्या अंतरानं, आणि त्यावर आकडे, १०००, ८००, ६००, ४००, २००. आकडे खरे नाहीत, समजण्यापुरते. आता एकानं दोन्ही पाय जुळवून ८०० च्या गोलावर उभं राहायचं. दोन पायांतला फरक किती? शून्य. आता ढांग टाकून एक पाय ८०० वर, एक ६०० वर. २०० चा फरक, आणि तेवढा करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरणार. आता बैल हो. ओणवा, हात ८०० वर, पाय ४०० वर. ४००! आणि बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांच्या मधेच काळीज असतं.

एकदम शांत झाली पोरं. एकजण म्हणाला, "म्हणून आमची म्हैस मेली आणि पप्पाला कायच झालं नाही." मला हे माहीत नव्हतं.

रानात अडकलात आणि जवळ पक्कं घर, बंद गाडी काहीच नसेल तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, घोळक्यानं बसायचं नाही. हा अगदी शेवटचा उपाय, याला सुरक्षित म्हणायचं नाही, नुसतं कमी वाईट. सगळ्यांनी बसून दाखवलं आणि अर्थातच हसून हसून लोळले, उकिडवं बसणं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

ट्रॅक्टर चालतो का? उघडा ट्रॅक्टर नाही, पत्र्यानं चारी बाजूंनी बंद जीप चालते. ज्याच्यावर पडली त्याला हात लावला तर शॉक बसतो का? नाही, अंगात करंट राहत नसतो, ताबडतोब जवळ जायचं, १०८ लावायचा, श्वास बंद असेल तर मोठ्यांनी छाती दाबायला सुरुवात करायची. हे आज मी तीनदा सांगितलं, कारण लोक लांब उभे राहतात आणि त्यात माणूस जातो.

२० ऑगस्ट

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप मोठ्या सरांच्या मोबाइलवर घेतलं, आपल्या आसपास नुकत्याच कुठं विजा पडल्यात ते नकाशावर दिसतं. चांगलं आहे, फक्त रेंज असावी लागते, आणि आमच्याकडं वारं सुटलं की आधी रेंज जाते. पोरांना म्हटलं कान हेच आपलं अॅप.

परवा पोळा, उद्यापासून कोणाचंच लक्ष नसणार.

१२ सप्टेंबर

काल रात्री बाटलीत ७१! लाल रेघेच्या वर. पण मंडळाचं हवामान केंद्र नऊ किलोमीटरवर, तिथं तेवढा पडलाच नाही. शाळा सुटायच्या वेळेला तीन पालक आले, बाटली नीट बघितली, एकानं विचारलं, "सर, ही पंचनाम्याला चालती का?" नाही चालत हो. "पोरांनी मोजलेलं खोटं थोडीच असतंय." खोटं नाही, पण चालत नाही. हे पोरांसमोर समजावून सांगणं विजेपेक्षा अवघड गेलं.

२५ सप्टेंबर

या महिन्यात मराठवाड्यात जे चाललंय ते काय लिहायचं. तेरणा, मांजरा, सीना, सगळीकडं पाणी, धाराशिवकडं लोकांना हेलिकॉप्टरनं काढलं, सोयाबीन पाण्याखाली. शाळा मधे बंद. आमच्या ओढ्याच्या पुलावरून परवा पाणी गेलं.

पुलाचा तास नेमका पंधरवड्यापूर्वी झालेला. नालीत खेळण्यातला ट्रॅक्टर ठेवून वरून बादली ओतायची, किती पाण्याला तो सरकतो ते बघायचं. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत मोठीसुद्धा वाहून जाते.

तर परवा तिसरीतली पोरगी पुलाच्या अलीकडं बापाच्या मोटरसायकलीपुढं उभी राहिली. दोन्ही बाजूला दुधाचे कॅन. बापानं समजावलं, मग दटावलं, मग तिला बाजूला करून गेला. आणि पार झाला. आज ती मला विचारते, "सर, पप्पा तर गेले की. मग तुमचं खोटं का?"

काय सांगणार. जे जातात ते सगळे वाहून जात नाहीत, म्हणून तर पुढचा जातो, असं काहीतरी बोललो, तिला पटलं नाही, मलाही मुद्दा नीट मांडता आला नाही. संध्याकाळी सरपंचांना विचारून पुलाच्या खांबावर ऑइलपेंटनं पट्टे मारून घेतले, खाली हिरवा, मग पिवळा, नारिंगी, वर लाल, हवामान खात्याच्या इशाऱ्याचेच रंग, पोरांना पाठ आहेत. पिवळ्याच्या वर पाणी गेलं की कोणी जायचं नाही असं ठरलंय. बाप ऐकेल का माहीत नाही, पण आता पोरीला दाखवायला रंग तरी आहे.

३० सप्टेंबर

किल्लारीच्या भूकंपाला आजच्या तारखेला ३२ वर्षं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, १९९३. दरवर्षी आदल्या रात्री इथं म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही, हे मी नोकरीला आल्यावरच बघितलं.

बंड्याच्या आजीलाच बोलावलं होतं, तिचं माहेर तिकडचं. आजी खुर्चीवर बसेना, पोरांत खाली बसली. "आमी गणपती बोळवून आलाव, जेवलाव, झोपलाव. मंग भुई अशी हालली की पाळण्यात घातल्यावानी. आवाज म्हंजे, मास्तर तुमची ईज काय वाजल." भिंती दीड-दोन हात रुंद, दगडाच्या, मातीत रचलेल्या, वर माळवद, आणि माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर, वर्षानुवर्षं. थंडीत ऊब, उन्हात गारवा. तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. "पत्र्याच्या, कुडाच्या घरातले वाचले. गरिबाचं घर पडलं नाही त्या दिशी." बावन्न गावं उठून दुसरीकडं नवी वसवावी लागली.

एका पोरानं विचारलं, आजी तुमचं कोण गेलं? मी अडवणार होतो. आजीनं बोटं मोजली, नावं घेतली, सात नावं, आणि म्हणाली आता मला घरी सोडा.

भूकंपाचा सराव आज घेतला नाही. दसऱ्यानंतर घेऊ. बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाक धरून ठेवायचं, हलायचं थांबलं की मैदानात. २०२२ ला निलंगा तालुक्यात हासोरीकडं बारीक धक्के बसले तेव्हा लोक रात्री बाहेर झोपले होते, त्यामुळे हे काही जुनं झालेलं नाही.

१४ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. जे सोयाबीन वाचलं त्याची काढणी चाललीय, सुट्टीच्या दिवशी पोरंही रानात. रविवारी दुपारी अडीचला आभाळ आलं. आज सकाळी पोरांनी सांगितलेलं असं: बंड्याच्या घरचे सगळे सोयाबीनला, गडीमाणसं धरून नऊ जण. पहिला आवाज आला तसा बंड्या विळा टाकून आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, मोटारीच्या पक्क्या खोलीकडं पळाला, हे नेहमीचंच. पण त्याच्यामागं त्याचे दोन चुलतभाऊ, आणि त्यांच्यामागं आजी, पदर खोचून. बाप ओरडत राहिला, बनीम (काढलेल्या सोयाबीनचा ढीग) झाकायची राहिलीय म्हणून. तो ताडपत्री टाकूनच आला, भिजून.

आजीला मी संध्याकाळी मुद्दाम विचारलं, तुम्ही का पळालात, तुम्ही कुठं पायाळू. म्हणाली, "माझ्या माईला काय ठावं, मी कशी जन्मले. इचारायला ती हाय का आता."

१७ ऑक्टोबर

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. जूनमधलंच चित्र परत काढायला लावलं. २९ हजर. २५ जणांनी घर, मोटारीची खोली, बंद जीप असलं काढलं, एकीनं शाळा काढून दारात बंड्या ओरडताना. चौघांनी परत झाड.

चौघांना जवळ बोलावलं. दोघं विसरलेले. एकीला झाडच चांगलं काढता येतं म्हणून, बरं. चौथा, दुसरीतला, आई-बाप दुसऱ्याच्या रानात कामाला. तो म्हणाला, "सर, तिथं झाडच हाय. दुसरं कायच नाही."

याला मी काय शिकवलं चार महिने? उकिडवं बस? पहिल्या आवाजाला निघ म्हटलं तर मुकादम सोडेल का? ग्रामपंचायतीत शिवारात निवारा आणि वीज अटकाव यंत्रणेचा अर्ज द्यायचाय, मोठे सर सही करतो म्हणालेत. तोवर त्याच्या आईशी बोललो. ती म्हणाली दुपारनंतर आभाळ आलं तर मी याला आधीच घराकडं लावून देते. सगळ्यात जवळचं पक्कं घर म्हणजे रस्त्याकडचा सोसायटीचा गोडाऊन. तो म्हणतो चौदाशे पावलं. त्याची की माझी, विचारायचं राहिलं. पाडव्यानंतर जाऊन त्याच्यासोबत चालत मोजायची आहेत.